कंपाउंड धनुष्य घेताना वेगाचा आकडा किती मानायचा?

सातारा : ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी वयाच्या १७ व्या वर्षी कंपाउंड धनुर्विद्येत जगज्जेती झाली. त्याच दिवशी पुरुषांचं सुवर्ण नागपूरच्या ओजस देवतळेनं जिंकलं, आणि तोही सराव करत होता साताऱ्यातच, प्रवीण सावंत यांच्या दृष्टी अकादमीत. पुढं दोन महिन्यांनी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत कंपाउंडची पाचही सुवर्णपदकं भारताकडं आली. आता २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडचा मिश्र सांघिक प्रकार पहिल्यांदाच खेळवला जाणार आहे. बांबूच्या धनुष्यावर इंडियन राउंड खेळणाऱ्या पोरांना त्यामुळं पुढचं कंपाउंडच दिसतं, आणि घरच्यांना दिसतो त्याचा खर्च.

हा खर्च साधा नाही. स्पर्धेच्या दर्जाचं धनुष्य, साइट, स्टॅबिलायझर, रिलीज आणि डझनभर चांगले बाण असा संच दोन-तीन लाखांच्या घरात जातो. उसाचं बिल, नाहीतर सोसायटीचं कर्ज, नाहीतर गोठ्यातली एखादी म्हैस, यातलं काहीतरी त्यासाठी मोडावं लागतं. एवढे पैसे मोजताना माणूस काहीतरी ठोस आधार शोधतो. मोटार घेताना ॲव्हरेज विचारतात, ट्रॅक्टर घेताना हॉर्सपॉवर. धनुष्याच्या बाबतीत समोर येतो तो वेगाचा आकडा. ३२०, ३३५, ३५० फूट प्रति सेकंद. बोलताना सगळे त्याला एफपीएस म्हणतात. जास्त आकड्याचं धनुष्य जास्त चांगलं, असा समज तिथंच होतो आणि पैसे चुकीच्या जागी जातात ते यामुळंच.

हा आकडा येतो कुठून

कंपनी जो वेग छापते तो ठरलेल्या मापावर काढलेला असतो. धनुष्याची ओढ ७० पाउंड, दोरी ओढायची लांबी म्हणजे ड्रॉ लेंथ ३० इंच आणि बाणाचं वजन ३५० ग्रेन, म्हणजे सुमारे २३ ग्रॅम. सगळ्या कंपन्यांची तुलना करता यावी म्हणून हे माप ठरलेलं आहे, त्यात फसवणूक नाही. पण हे माप कोणाचं आहे ते बघायला हवं. ३० इंच ड्रॉ लेंथ असलेला माणूस सहा फुटांच्या पुढचा असतो. आणि ७० पाउंडाचं धनुष्य घेऊन तर आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या मैदानात उतरताच येत नाही, कारण वर्ल्ड आर्चरीच्या नियमात कंपाउंडला ६० पाउंडांची कमाल मर्यादा आहे. म्हणजे कागदावर छापलेला वेग स्पर्धेत कोणालाच मिळत नाही, जगज्जेत्यालाही नाही.

आपल्याकडच्या सोळा वर्षांच्या मुलीचं गणित मांडून बघू. तिची ड्रॉ लेंथ २६ इंच आहे, ओढ ४४ पाउंड आणि बाण ३२० ग्रेनचा. धनुष्यावर छापलंय ३३५. ड्रॉ लेंथ एक इंच कमी झाली की ढोबळमानानं १० एफपीएस जातात, म्हणजे चार इंचांचे ४०. ओढ एक पाउंड कमी झाली की साधारण २ जातात, म्हणजे २६ पाउंडांचे ५२. बाण हलका असल्यामुळं दहाएक परत मिळतात. दोरीवर बसवलेली पीप आणि लूप सात-आठ खातात. हिशेब येतो २४५ च्या आसपास. शेजारच्या ३२० वाल्या धनुष्यावर तिला हाच आकडा २३० मिळाला असता. दोन धनुष्यांमधला तिच्यापुरता फरक हा एवढाच, आणि तो पन्नास मीटरवर किती कामाला येतो हे पुढं पाहू.

वेगाचं वेड मुळात शिकाऱ्यांचं

कंपाउंड धनुष्य काढलं ते अमेरिकेत, मिसूरी राज्यातल्या होलेस विल्बर ॲलन यांनी. १९६९ मध्ये त्यांना पेटंट मिळालं. धनुष्याच्या दोन्ही टोकांना चाकं लावायची आणि ओढीचा भार शेवटी हलका करायचा ही त्यांची कल्पना. हे धनुष्य तिकडं वाढलं ते हरणाच्या शिकारीवर. आजही तिथल्या कंपन्यांचा मोठा गिऱ्हाईक शिकारीच आहे, आणि आपली पोरं मोबाइलवर धनुष्याचे जे व्हिडिओ बघतात त्यातले बरेचसे त्याच गिऱ्हाइकासाठी केलेले असतात.

शिकाऱ्याला वेग का लागतो हे समजून घेण्यासारखं आहे. जनावर किती अंतरावर उभं आहे याचा त्याला अंदाज करावा लागतो. त्यानं ३५ मीटर धरले आणि जनावर ४० वर निघालं, तर २५० एफपीएसचा बाण साधारण १७ सेंटिमीटर खाली लागतो. बाण ३२० चा असेल तर चूक १० सेंटिमीटरवर येते. म्हणजे वेगवान बाण अंतराच्या अंदाजातली चूक भरून काढतो. त्याच्यासाठी वेग हाच नेम.

आपल्याकडं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून लागू आहे, आणि वन्यप्राण्यावर धनुष्य चालवणं हा गुन्हा आहे. रानडुकरांनी भुईमूग आणि मका उकरून टाकल्यावर शेतकऱ्याचा जीव कसा तळमळतो हे कोणाला सांगायला नको, पण त्याच्यावर हा उपाय नाही. म्हणजे इथं कंपाउंड घेणाऱ्याचं काम एकच, पन्नास मीटरवरचं लक्ष्य. आणि ते पन्नास मीटर टेपनं मोजलेले असतात. अंदाज करायचाच नसतो. फील्ड आर्चरीत काही लक्ष्यांचं अंतर सांगत नाहीत हे खरं, पण तो प्रकार खेळणारे आपल्याकडं हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

पन्नास मीटरवर वेग नेमकं काय करतो

कंपाउंडचं लक्ष्य ८० सेंटिमीटरचं असतं. त्यातलं दहा गुणांचं वर्तुळ ८ सेंटिमीटर व्यासाचं, म्हणजे साधारण चहाच्या कपाच्या तोंडाएवढं. एकास एक सामन्यात १५ बाण, १५० पैकी गुण, आणि प्रत्येक बाणाला २० सेकंद. बर्लिनच्या अंतिम सामन्यात ओजसनं १५० पैकी १५० मारले आणि समोरचा पोलंडचा खेळाडू १४९ वर हरला. एकच नऊ गेला. मोठ्या पातळीवर या खेळात एवढी बारीक मारामारी आहे.

२४५ एफपीएसचा बाण पन्नास मीटर जायला सुमारे ०.६७ सेकंद घेतो आणि तेवढ्यात सरळ रेषेपासून सव्वादोन मीटरभर खाली येतो. २३० चा बाण ०.७१ सेकंद घेतो आणि अडीच मीटर खाली येतो. ऐकायला फरक मोठा वाटतो, पण साइट एकदा पन्नास मीटरला बसवली की तो फरक तिथंच संपतो. साइट थोडी खाली सरकवायची, बस्स. उरतो तो वेळेतला फरक, सेकंदाचा पंचविसावा हिस्सा. पापणी लवायला याच्यापेक्षा जास्त वेळ लागतो. वाऱ्यात बाण तेवढा कमी वेळ राहतो हा वेगाचा खरा फायदा, आणि वाहत्या वाऱ्याच्या दिवशी तो नाकारता येत नाही. पण तो वेग बाण हलका करून मिळवला असेल तर वारा हलक्या बाणाला जास्त ढकलतो आणि मिळवलेलं परत जातं.

आता दुसरी बाजू. दहाच्या वर्तुळाच्या मध्यापासून कडेपर्यंत ४ सेंटिमीटर. पन्नास मीटरवर ४ सेंटिमीटरची चूक व्हायला धनुष्याच्या पुढं असलेली साइट किती हलावी लागते? डोळ्यापासून साइट पाऊण मीटरवर धरली तर अर्धा मिलिमीटर आणि वर थोडं. पाच-सहा कागदांच्या जाडीपेक्षा फार जास्त नाही. दोरी सुटताना डाव्या हाताची मूठ किंचित पिळली गेली की एवढं सहज होतं. पंधरा एफपीएसनं ही चूक भरून निघत नाही.

आणि वेगाबद्दलची सगळ्यात कामाची गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. वेग किती आहे यापेक्षा तो दर बाणाला सारखा आहे का, हे जास्त महत्त्वाचं. २४५ च्या बाणाचा वेग एका खेपेला २ एफपीएसनं कमी पडला तर बाण साडेतीन सेंटिमीटर खाली लागतो. म्हणजे मध्यावर जाणारा बाण दहाच्या कडेवर. हा फरक कशानं पडतो? दोरी एकदा शेवटपर्यंत ओढली आणि एकदा जरा अलीकडं सोडली, यानं. दोन बाणांच्या वजनात फरक असला, यानं. दोन चाकं एका वेळी फिरली नाहीत, यानं. धनुष्य निवडताना नेम बघायचा म्हणजे या गोष्टी सारख्या ठेवायला कोणतं धनुष्य मदत करतं, ते बघायचं.

चूक पोटात घालणारं धनुष्य

आर्चरीतले लोक एखाद्या धनुष्याला फर्गिव्हिंग म्हणतात. आपल्या भाषेत चूक पोटात घालणारं. कोणत्या धनुष्यात हा गुण आहे ते तीन-चार मापांवरून कळतं, आणि गंमत अशी की यातलं जवळजवळ प्रत्येक माप वेगाच्या उलट दिशेला जातं.

पहिलं ब्रेस हाइट. धनुष्य न ओढता हातात धरलं तर मुठीच्या खोबणीपासून दोरीपर्यंतचं अंतर. वेगवान धनुष्यात ते ६ इंचांच्या आसपास असतं, नेमाच्या धनुष्यात ७ ते ८. अंतर कमी असलं की दोरी बाणाला जास्त लांब ढकलते, वेग वाढतो. पण बाण तेवढा जास्त वेळ दोरीवर राहतो, आणि तेवढ्यात मूठ पिळली गेली तर ती पीळ बाणात उतरते. शिवाय दोरी हाताच्या कोपराजवळ फटका मारते ती अशाच धनुष्यात. नव्या पोराला दोन-चार फटके बसले की तो सोडताना हात चोरायला लागतो, आणि ती सवय मोडायला वर्ष जातं. सात इंचांच्या खालचं धनुष्य शिकणाऱ्याला देऊ नये.

दुसरं लांबी, एका चाकाच्या आसापासून दुसऱ्या चाकाच्या आसापर्यंत. शिकारीची धनुष्यं २८ ते ३३ इंचांची, कारण झाडीत वागवायला सोपी. स्पर्धेची ३६ ते ४० इंचांची. दोरीवर चालणारा डोंबारी लांब काठी घेतो, टिकोरं घेत नाही. लांब धनुष्य हातात तसंच स्थिर राहतं, बारीक हिसक्यानं फिरत नाही. अजून एक फायदा, ओढल्यावर दोरीचा कोन उघडा राहतो, नाकाला आणि हनुवटीला दोरी नीट टेकते, आणि दर वेळी डोकं एकाच जागी राहतं. मात्र २५-२६ इंच ड्रॉ लेंथच्या मुलीला ४० इंचांचं धनुष्य अवजड होतं. तिच्यासाठी ३५-३७ पुरे.

तिसरं कॅम, म्हणजे ते चाक. इथंच खरी गंमत आहे. चाकाचा आकार जितका लांबट आणि आक्रमक तितका वेग जास्त. असं धनुष्य सुरुवातीलाच पूर्ण भार अंगावर घेतं, तो शेवटपर्यंत सोडत नाही आणि मग एकदम हलकं होतं. भरलेली ट्रॉली बांधावर चढवताना इंजिन जसं रडतं आणि माथा ओलांडला की जशी ती धाडकन खाली येते, अगदी तसं. गोलसर चाकाचं धनुष्य चढ हळूहळू चढतं, हळूहळू उतरतं. वेग पंधरा-वीसनं कमी, पण दिवसाला दीडशे बाण मारायचे असतील तर खांदा वाचतो. पंधराव्या वर्षी खांदा दुखावून घरी बसलेल्या पोराला वेगाचा काय उपयोग?

आक्रमक कॅमची दुसरी खोड म्हणजे पूर्ण ओढल्यावर विसावा घ्यायला जागा फार कमी असते. जरा ढिलं पडलं की धनुष्य हात पुढं खेचून नेतं. सामन्यात सातवा बाण, वारा सुटलेला, वीस सेकंदातले बारा गेलेले, अशा वेळी हे झालं की नेम गेलाच. मागं टेकायची जागा, जिला वॉल म्हणतात, ती दगडी भिंतीसारखी घट्ट लागली पाहिजे. गादीसारखी दबत असेल तर ड्रॉ लेंथ दर बाणाला थोडी बदलणार, आणि वर सांगितलेला दोन एफपीएसचा फरक तिथूनच येणार.

लेट-ऑफबद्दल थोडक्यात. पूर्ण ओढल्यावर भार किती टक्के कमी होतो ते हे माप. ५० पाउंडांच्या धनुष्याला ८० टक्के लेट-ऑफ असेल तर हातात राहतात १० पाउंड, म्हणजे साडेचार किलो. ७० टक्के असेल तर १५ पाउंड, पावणेसात किलो. जास्त हलकं ते चांगलं असं वाटतं खरं. पण हातात काहीच भार नसला की धनुष्य तरंगायला लागतं आणि सोडताना बोटाचा बारीक झटकाही त्याला हलवतो. स्पर्धेतले बरेच जण ६५ ते ७५ टक्क्यांत राहतात. ज्या धनुष्यात लेट-ऑफ बदलता येतो ते घेतलेलं बरं, सुरुवात ८० वर करून ताकद आली की खाली आणता येतं.

माप चुकलं की सगळं चुकलं

वेग आणि नेम यांचा झगडा सगळ्यात जास्त कुठं होत असेल तर तो ड्रॉ लेंथमध्ये. दोन्ही हात आडवे पसरून मधल्या बोटाच्या टोकापासून टोकापर्यंत इंचांत मोजायचं आणि अडीचनं भागायचं. ६५ इंच आले तर ड्रॉ लेंथ २६. हा ढोबळ हिशेब आहे, शेवटचा अर्धा इंच प्रशिक्षकानं उभं करून बघून ठरवायचा. एक इंच लांब ठेवली की १० एफपीएस फुकट मिळतात, म्हणून ती लांब ठेवण्याचा मोह होतो. वाढत्या वयाचं पोर आहे, चपलीसारखं एक नंबर मोठं घेऊ, असाही विचार होतो. यात नुकसान पक्कं आहे. लांब ड्रॉ लेंथनं पाठ मागं झुकते, पुढचा हात कोपरात कुलूप लागल्यासारखा ताठ होतो, दोरी हाताला लागते. वाढत्या पोरासाठी खरा उपाय म्हणजे ज्याची ड्रॉ लेंथ चाकावरचे दोन-तीन स्क्रू काढून, प्रेसशिवाय बदलता येते, असं धनुष्य. खरेदीच्या वेळी हा प्रश्न पहिल्यांदा विचारावा.

ओढ ठरवायची कसोटी सोपी आहे. खुर्चीवर बसून, धनुष्य लक्ष्याच्या उंचीवर धरून, ते आभाळाकडं न उचलता सरळ मागं ओढता आलं पाहिजे. ओढताना हात वर जात असेल, कंबर वाकत असेल, तर पाउंड जास्त झाले. बहुतेक धनुष्यांत दहाएक पाउंडांची सोय लिंबच्या बोल्टवर असते, एका फेऱ्याला साधारण दोन पाउंड. म्हणून ५० पर्यंत जाणारं धनुष्य घेऊन ४० वर सुरू करावं. बोल्ट कंपनीनं सांगितलेल्या फेऱ्यांपेक्षा जास्त ढिला करू नये, लिंब निसटून तोंडावर येऊ शकते.

वेग खरंच कमी पडतो तेव्हा

याचा अर्थ वेगाकडं बघायचंच नाही असा नाही. लहान चणीच्या, २४-२५ इंच ड्रॉ लेंथच्या आणि ३५-३८ पाउंड ओढणाऱ्या मुलामुलींचा बाण दोनशे एफपीएसच्या आसपास येतो. तिथं अडचणी सुरू होतात. साइट इतकी खाली आणावी लागते की ती दांड्याच्या तळाला टेकते, कधी सुटणारा बाण साइटच्या चौकटीला घासतो. वेगात दोन एफपीएसची चूक झाली की फटका साडेतीनऐवजी साडेसहा सेंटिमीटरचा बसतो, म्हणजे बाण थेट नवात. वाऱ्यात तर विचारायला नको. अशा खेळाडूसाठी आखूड ड्रॉ लेंथलाच पूर्ण ताकद देणारा कॅम असलेलं धनुष्य घेणं योग्य. काही कंपन्या एकाच धनुष्याला दोन मापांचे कॅम देतात. २६ इंच ही मोठ्या कॅमची सगळ्यात खालची पायरी असेल आणि छोट्या कॅमची सगळ्यात वरची, तर छोटा कॅमच घ्यावा. वेग जास्त मिळतो आणि ओढही नीट बसते. इथं वेग आणि नेम एकमेकांच्या आड येत नाहीत.

साधारण २४० ते २८० या पट्ट्यात बाण उडत असेल तर पन्नास मीटरच्या खेळाला वेग पुरेसा आहे असं समजावं आणि बाकीचा सगळा पैसा दुसरीकडं लावावा.

पहिला मान बाणाचा

दुसरीकडं म्हणजे आधी बाणाकडं. धनुष्य अडीच लाखांचं आणि बाण हाताला लागतील ते, ही नेहमीची चूक. बाणाचा ताठपणा, ज्याला स्पाइन म्हणतात, तो ओढीला आणि बाणाच्या लांबीला जुळला पाहिजे. कंपनीच्या तक्त्यात तो मिळतो. त्यानंतर वजन. एकाच डब्यातल्या बारा बाणांत पाच ग्रेनचा फरक असला तर वेगात दीड-पावणेदोन एफपीएसचा फरक पडतो, आणि पन्नास मीटरवर तीनेक सेंटिमीटरचा. पाच ग्रेन म्हणजे जेमतेम तिसरा हिस्सा ग्रॅम, जुन्या मापात अडीच-तीन गुंजा. घरच्या वजनकाट्यावर हे कळत नाही. गावच्या सोनाराच्या काट्यावर कळतं. बारा बाण तिथं नेऊन एकेक तोलावा आणि प्रत्येकावर नंबर टाकावा. जड-हलके वेगळे करून सारख्या वजनाचे सहा बाण स्पर्धेला ठेवावेत.

वेग वाढवायला बाण फार हलका करणं धोक्याचं आहे. धनुष्याच्या प्रत्येक पाउंडाला निदान पाच ग्रेन हा नियम पाळायचा, म्हणजे ५० पाउंडांना २५० ग्रेनच्या खाली जायचं नाही. त्याच्या खाली बाण ताकद घेऊ शकत नाही आणि उरलेला हादरा लिंब आणि दोरीला बसतो. बाण न लावता दोरी सोडण्याचा प्रकार याचाच टोकाचा अवतार. घरी पाहुणा आला, धनुष्य हातात घेतलं, ओढलं आणि सोडलं, एवढ्यानं कॅम वाकतो किंवा लिंब फुटते. अशा वेळी वॉरंटीही बहुधा कामाला येत नाही. हॉलमधल्या १८ मीटरच्या स्पर्धेला जाड बाण चालतो, नियमात ९.३ मिलिमीटरपर्यंत मुभा आहे, आणि जाड बाण रेषेला लागून वरचा गुण मिळवून देतो. तोच बाण मैदानात वाऱ्याला आयता सापडतो. दोन्हीकडं एकच संच वापरायचा असेल तर बारीकच घ्यावा.

हातात घेऊन बघताना, आणि जुनं घेताना

कागद बघून धनुष्य मागवू नये. ज्या अकादमीत ते मॉडेल कोणाकडं असेल तिथं जाऊन, आपल्या मापाच्या जवळ असलेलं चार-सहा बाण मारून बघावं. वीस मीटरवर तीन-तीन बाणांचे पाच-सहा झुपके मारावेत. पहिले नाही, शेवटचे दोन झुपके बघावेत, कारण हात थकल्यावर धनुष्य कसं वागतं ते तिथं दिसतं. दोन धनुष्यांत निवड करायची असेल तर ज्याचा सगळ्यात वाईट बाण कमी लांब गेला ते निवडावं. एखादा बाण मध्यावर कोणत्याही धनुष्यानं जातो.

नवं परवडत नसेल तर अकादमीतल्या वरच्या खेळाडूनं बदललेलं जुनं धनुष्य हा चांगला पर्याय आहे. नव्या शिकारी धनुष्यापेक्षा चार-पाच वर्षांचं जुनं स्पर्धेचं धनुष्य केव्हाही उजवं. फक्त तपासून घ्यावं. कापसाचा बोळा लिंबवरून कडेकडेनं फिरवावा, बारीक चीर असेल तर कापसाचे तंतू तिथं अडकतात. चाकं मागून बघावीत, दोरीच्या रेषेत सरळ हवीत, कललेली नकोत. हळू ओढून दोन्ही चाकांचे थांबे एकाच वेळी टेकतात का ते दुसऱ्यानं बाजूला उभं राहून बघावं. एक आधी आणि एक मागून टेकत असेल तर बाण वर-खाली पसरतात. हा दोष प्रेसवर दुरुस्त होतो, म्हणून त्यावरून सौदा मोडायची गरज नाही, किंमत पाडून घ्यावी. दोरी आणि केबल विस्कटलेल्या, केसाळ झालेल्या असतील तर नव्या संचाचा खर्च किमतीतून वजा करावा.

प्रेस हे यंत्र तालुक्याच्या ठिकाणी सहसा नसतं. प्रेसशिवाय दोरी बदलता येत नाही, चाकं जुळवता येत नाहीत. म्हणून विकत घेण्याआधीच जवळचा प्रेस कुठं आहे आणि त्या बनावटीच्या धनुष्यावर हात बसलेला माणूस तिथं आहे का, हे विचारून ठेवावं. दोन धनुष्यं सारखीच वाटत असतील तर ज्याचे सुटे भाग आणि जाणकार जवळ आहेत ते घ्यावं, वेग दहानं कमी असला तरी.

नव्या दोरीला पहिल्या काही शे बाणांत ताण येतो, ती जराशी लांबते आणि चाकांची जुळणी सरकते. दोरी बसवली त्याच दिवशी चाकावर, केबल जिथून जाते तिथं मार्करनं बारीक खूण करून ठेवावी. खूण सरकलेली दिसली की साइट न हलवता आधी धनुष्य प्रेसवर न्यावं. आणि चैत्र-वैशाखात ते पत्र्याच्या शेडमध्ये किंवा उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवू नये. उष्णतेनं दोरी ताणते, लिंबचे थर सुटायला लागतात, आणि सकाळी दहात जाणारे बाण दुपारी आठात का चाललेत ते कोणालाच कळत नाही.